सर्व्हरपाशी कोणी बसत नाही, तिथंच घोळ आहे

मी काही इंजिनिअर नाही बरं का. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो, अन् कॉम्प्युटर अडला की सगळे माझ्याकडेच येतात म्हणून शिकत गेलो, तेवढ्यावर आज तुम्ही मला इथं उभं केलं. तर यवतमाळ जिल्ह्यातली, आमच्याच ऑफिसातली गोष्ट सांगतो.

दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग पार रोडपर्यंत जाते. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती निघाली, एवढंच काम. ती पावती ऑफिसातल्या सर्व्हरवर सेव्ह व्हायला दोन सेकंद लागायचे, अन् एका सकाळी चाळीस-चाळीस सेकंद लागून राहिले. बाहेरून एक काका खिडकीत डोकं घालून म्हणते, "काहून भाऊ, मशीन उठली नाही का अजून?" आता काय सांगता त्यांना.

आम्ही काय केलं, जे सगळे करतात तेच. केबल बदलली, स्विच बदलला, ८ जीबीची रॅम १६ केली. पिंग मारून, म्हणजे सर्व्हरला नेटवर्कवरून हाक मारून पाहिलं तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर, म्हणजे नेटवर्क ठणठणीत, ते आधीच पाहिलं असतं तर स्विचचे पैसे वाचले असते. अन् मजा पहा, दोन दिवसांनी आपोआप सगळं फास्ट. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग काट्यावरच्या पोरानं हटकलं, "दादा, रात्री लाइन गेली की सकाळी हे असं होते." मी हसलो त्याच्यावर. हसायला नव्हतं पाहिजे.

त्या दिवशी सर्व्हरवरच रिसोर्स मॉनिटर उघडला, डिस्क कोण वापरून राहिलं ते त्याच्यात दिसते. स्टार्टमध्ये रेसमॉन (resmon) टाइप करा, येते. डिस्कच्या टॅबमध्ये गेलो, तर डिस्क शंभर टक्के बिझी अन् सगळ्यात वर नाव सर्चइंडेक्सर, खाली फाइल विंडोज डॉट ईडीबी. म्हणजे विंडोजचं सर्च. आपण शोधायच्या आधीच ते एकेक फाइल उघडते, वाचते अन् कोणता शब्द कुठं आहे ते आपल्या रजिस्टरात, म्हणजे त्या ईडीबी फाइलीत, लिहून ठेवते. अँटीव्हायरस चालू असला तर इंडेक्सरनं उघडलेली फाइल तोही तपासते, म्हणजे डबल काम.

आता तुम्ही म्हणाल, हे तर प्रत्येक पीसीवर चालते, मग आमच्याच मागं काहून लागलं? तिथंच गंमत आहे. हा इंडेक्सर तसा समजदार आहे, तुम्ही माउस हलवला, कीबोर्ड वाजवला की तो हात आखडता घेते. पण आमचा "सर्व्हर" म्हणजे कोपऱ्यातला विंडोज १० चा साधा पीसी, डी ड्राइव्ह शेअर केलेला, त्याच्या माउसला महिनामहिना कोणाचा हात लागत नाही. रेकॉर्ड रूममधला कारकून दाराकडे पाहून काम करून राहिला अन् माणसं सगळी मागच्या खिडकीतून कागद मागून राहिले, तसं ते. काट्याचं काम नेटवर्कवरून येते, माउस हलत नाही, म्हणून इंडेक्सरला वाटते ऑफिस रिकामं आहे.

वरून जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. विखुरलेल्या बारक्या फाइली वाचायच्या तर सेकंदाला शंभरेक वेळा हेड हलते, जास्त नाही. त्यातच इंडेक्सर, त्यातच अँटीव्हायरस, त्यातच आपली पावती.

अन् लाइनचं म्हणाल तर पोरगा बरोबर होता. पीसी धाडकन बंद झाला की कधी कधी ते रजिस्टरच खराब होते, मग इंडेक्सर पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसते. आमच्याकडे सातबारा, आधार, पासबुकाचे स्कॅन किती वर्षांचे पडले आहेत, दोन दिवस तर लागणारच.

पण डी ड्राइव्ह त्याच्या यादीत आला कसा? विंडोज १० च्या क्लासिक सेटिंगमध्ये तर तो नसते. विंडोज सर्चचं सेटिंग उघडून पाहिलं तर एन्हान्स्ड केलेलं, म्हणजे अख्खा पीसी. केलं कोणी? मीच. मागच्या सीझनला एका शेतकऱ्याचा सातबारा सापडत नव्हता तेव्हा.

तुम्ही एकदम काही उडवू नका. आधी सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज सर्च अर्धा तास स्टॉप करा अन् काट्यावर पावती काढून पहा. फरक पडला तरच पुढं. मग सेटिंग परत क्लासिक करा अन् इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये डेटाच्या फोल्डरची टिक दिसली तर काढा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्येही इंडेक्सिंगची एक टिक असते, ती लाखभर फाइलींच्या फोल्डरवर चालू दिवसात काढू नका, एकेका फाइलवर ते बदल करत बसते.

सर्च मग स्लो होते, खरं आहे. आम्ही फाइलचं नावच गाव, गट नंबर, वर्ष असं ठेवतो आता.

राहिला यूपीएस, लाइन गेली तरी पीसी बॅटरीवर चालू ठेवणारा डबा. होता आमच्याकडे, पण बॅटरी कधीची मेलेली अन् त्याच्यावर आम्ही चहाचे कप ठेवायचो. बॅटरी टाकली. त्या आठवड्यात लाइन तीनदा गेली, पावती दोन सेकंदातच निघाली.