रात्री हात झटकत उठावं लागतं का?

नमस्कार मंडळी, रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, उठून हात जोरात झटकला, पलंगावरून खाली सोडला की जरा बरं वाटतं, असं तुमचं होतं का? माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगतात, "मॅडम, हात झोपतो हो", आणि लगेच स्वतःच म्हणतात की वय झालं, चालायचंच. तर नाही, हे चालू द्यायचं नाही. याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम, आणि यावर चांगले उपाय आहेत, फक्त वेळेत करायला हवेत.

मनगटात तळहाताच्या बाजूला एक बोगदा असतो, तीन बाजूंनी हाडं आणि वर छत म्हणून एक जाड पट्टी, आणि त्या एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणारे 9 टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि एक नस (रक्ताची नव्हे, संवेदनांची, म्हणजे मज्जातंतू) अशी गर्दी असते. आत जरा सूज आली की सगळ्यात मऊ ती नस, तीच दबते. ही नस अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते, म्हणून मी पहिल्यांदा करंगळीचं विचारते. करंगळीही बधिर होत असेल तर दुखणं बहुतेक वेगळं असतं.

माझ्या आईला कोणी करंगळीचं विचारलंच नाही. मानेचंच दुखणं समजून वर्षभर मानेचा पट्टा, मानेला शेक, गोळ्या. मग एकदा तांदूळ निवडताना तिच्या चिमटीत खडा येईना, दिसतोय पण बोटांना लागतच नाहीये, तेव्हा मी तिचा हात उजेडात धरला तर अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे चक्क खड्डा पडला होता. ऑपरेशन झालं, रात्रीचं झटकणं लगेच थांबलं, पण अंगठ्यातली ताकद पूर्ण आली नाही ती नाहीच. म्हणून मी एवढं तळमळीने सांगतेय.

सुरुवातीला त्रास कमी असतो तेव्हा स्प्लिंट, म्हणजे मनगटाचा पट्टा, रात्री झोपताना, रोज, निदान 6 आठवडे. झोपेत आपण मनगट मुडपून उशाखाली घेतो आणि बोगद्यातला दाब वाढतो, पट्टा मनगट सरळ ठेवतो. मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्यात पुष्कळदा धातूची पट्टी वर वाकवलेली असते, ती काढून सरळ करून परत घाला. आणि क्रेप बँडेज करकचून गुंडाळू नका, त्याने उलट दाब वाढेल.

थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या, त्यातूनही हे होतं. गरोदरपणात झालं असेल तर बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप कमी होतं, तोवर पट्टा पुरतो. पेनकिलरचा इथे फारसा उपयोग नाही, आणि बी-6 व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने खाऊ नका, त्यानेच नसांना इजा होते.

पट्ट्याने भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. बऱ्याच जणांना आठवडे, काहींना काही महिने छान आराम पडतो, पण पुष्कळांचा त्रास परत येतो. डायबेटीस असेल तर नंतर काही दिवस शुगर वाढते, डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि ऑपरेशन. "नस कापली जाईल" ही भीती मी रोज ऐकते. अहो, कापतात ते बोगद्याचं छत, म्हणजे ती पट्टी, नस मोकळी करायला. बहुतेक वेळा फक्त हातापुरती भूल, पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. उघडून करा की दुर्बिणीतून, पुढे जाऊन फरक फारसा राहत नाही, दुर्बिणीने कामावर थोडं लवकर जाता येतं इतकंच. बोटं त्याच दिवसापासून हलवायची, टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, पण कणीक मळणं, भरलेली बादली उचलणं याला महिना-दीड महिना थांबा, तळहाताच्या बुडाशी दुखणं दोन-तीन महिनेसुद्धा राहू शकतं, त्याला घाबरू नका. बधिरपणा दिवसभर राहायला लागला, हातातून कप सुटायला लागला, अंगठ्याचं मांस उतरायला लागलं, तर मात्र पट्टा नि इंजेक्शन करत बसू नका.

जाताना एक करा, आज कागदावर पंजा ठेवून पेनाने त्याची बाहेरची रेघ काढा, आठवडाभर रात्री जी बोटं मुंग्यांनी भरतात ती रंगवा, आणि तो कागद घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा हँड सर्जनकडे जा, नसांची एनसीव्ही तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) लागेल का तेही विचारा. आणि करंगळी कोरी राहिली असेल तर ते त्यांना आवर्जून दाखवा.