भांडं फोडण्याआधी एक बादली पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत कितीतरी जुनी घरं अजून नांदती आहेत. या घरांत संडास मागाहून आला. आधी परसात, मग जिन्याखाली आणि भाऊ वेगळे झाले तसा माडीवरही. जागा सापडेल तिथं भांडं बसलं आणि पाईप वळणं घेत खाली गेला. अशा घरात फ्लशचा जोर कमी झाला की बटण दोनदा, तीनदा दाबावं लागतं. सणावाराला पाहुणे आले की घरच्या बाईला संकोच वाटतो. मग कुणीतरी म्हणतं, "भांडंच बदलून टाकूया." फरशी फुटते, चार-आठ दिवस घर धुळीत जातं, आणि नवं भांडंही तसंच चालतं. हे होऊ नये, म्हणून आज बोलतोय.

आपल्याकडची बहुतेक भांडी पाण्याच्या रेट्यावर चालतात. पुरेसं पाणी एकदम आलं की घाण पुढं ढकलली जाते. तेच पाणी हळूहळू आलं तर बाजूनं निघून जातं आणि घाण जागच्या जागी राहते. म्हणून तपासायचं ते हे, की पाणी येतानाच कमी पडतंय की जाताना अडतंय.

त्यासाठी एक बादली पुरे. भांड्यात पाणी आधीच तुंबलेलं नाही हे बघा. मग आठ-दहा लिटर पाणी कमरेएवढ्या उंचीवरून, शिंतोडे उडणार नाहीत अशा बेतानं, पण एका दमात भांड्यात ओता. सगळं खळ्ळकन निघून गेलं तर भांडं आणि खालची लाईन ठीक आहे, दोष वरच्या टाकीत किंवा भांड्याच्या काठात आहे. पाणी काठापर्यंत चढलं आणि सावकाश उतरलं, तर टाकीला हात लावू नका. अडथळा खाली आहे.

आधी टाकीचं बघू. झाकण काढा. पाण्याची पातळी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली साधारण इंचभर हवी. बरीच खाली असेल तर फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून वर घ्या. पाणीटंचाईच्या काळात कुणी आत पाण्यानं भरलेली बाटली ठेवली होती का, तेही बघा. ती तशीच विसरून गेलेली असते. मग चार थेंब नीळ टाकीत टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणाला फ्लश करू देऊ नका. भांड्यात निळा रंग उतरला तर तळाचं रबर गळतंय. ते स्वस्तात बदलून मिळतं.

जुन्या घरांत एक गोष्ट फार वेळा घडते. पूर्वी डोक्यावर बिडाची टाकी असायची, साखळी ओढली की दहा-बारा लिटर पाणी उंचावरून कोसळायचं. ती गंजली म्हणून काढली आणि त्याच भांड्यावर प्लास्टिकची दोन बटणांची टाकी खाली बसवली. तिचं मोठं बटण सहा लिटर सोडतं, लहान तीन. पाणी निम्मं झालं, उंचीही गेली. दहा लिटरसाठी घडवलेल्या भांड्याला ते कसं पुरणार? इथं भांड्याला साजेशी मोठी टाकी हवी, आणि शक्य असेल तेवढी उंचावर. ज्यांनी टाकीच काढून थेट गच्चीवरच्या पाईपावर फ्लश व्हॉल्व्ह बसवला आहे, त्यांनी तो पाईप किती जाड आहे ते बघावं. नळाच्या बारीक, आतून गंजलेल्या पाईपावर तो व्हॉल्व्ह चालत नाही. माडीवर तर गच्चीची टाकी जेमतेम डोक्यावर असते, तिथं जोर मिळणं आणखी अवघड.

आता भांड्याचा काठ. एक छोटा आरसा काठाखाली धरून बॅटरी मारा. ओळीनं बारीक भोकं दिसतील. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात ती पिवळट क्षारानं भरलेली असतात, काही तर पार बुजलेली. पाणी तिथंच अडलं तर टाकी कितीही भरली तरी काय उपयोग? व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या काठाखाली कोंबून रात्रभर ठेवा. सकाळी क्षार मऊ पडतो, तारेनं एकेक भोक मोकळं करा. पण श्रोतेहो, ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका, एकापाठोपाठसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेततो.

बादलीचं पाणी तुंबलं असेल तर बाहेरचं चेंबर उघडून बघा. ते भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढं, बोळातल्या लाईनीत आहे. कोरडं असेल तर भांडं आणि चेंबर यांच्या मध्ये. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं, त्यांनी चेंबरमध्ये गाळ बसलाय का, तेही तपासावं. फ्लश करताना बाथरूमच्या जाळीतून बुडबुड आवाज येत असेल तर गच्चीवर जाणारा व्हेंट पाईप बघा. त्यात पालापाचोळा किंवा पक्ष्याचं घरटं असलं की हवा कोंडते आणि पाणी मोकळेपणानं उतरत नाही.

सेप्टिक टँक भरला असेल तर उपसायला गाडी बोलवा, माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध होतो, त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. कुणाला संरक्षणाच्या साधनांशिवाय असं उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

एवढं सगळं बघूनही भांडं तडकलेलं निघालं, बदलावंच लागलं, तर दुकानात जाण्याआधी माप घ्या. खाली जाणारा पाईप असेल तर मागच्या भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि भिंतीत जाणारा असेल तर जमिनीपासूनची उंची. जुन्या घरांची मापं आजच्या भांड्यांशी जुळतातच असं नाही, आणि एकदा बसवलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही.

नमस्कार.