सावलीला फक्की मारून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

पत्रिकेवर मुहूर्त छापलेला होता, दुपारी 12 वाजून 35 मिनिटे. मे महिना. अक्कलकोट रस्त्याला शेतात मांडव, वर रंगीत ताडपत्री. माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघाला तेव्हाच बारा वाजत आले होते. बँडवाल्यांच्या अंगात जाड लाल कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सनई वाजवणारे काका साठी उलटलेले होते. मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या कडेला टेकले आणि बघता बघता आडवे झाले. मी जवळ गेले तर अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, बोलणं भलतंच. घरातल्या कुणाला तरी हाका मारत होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर उष्माघात ओळखायला वेळ लागत नाही. त्यांना उचलून विहिरीच्या मोटरच्या जुन्या खोलीत नेलं. कोट काढला, अंगावर पाणी ओतलं. आहेराच्या ढिगातले टॉवेल भिजवून मानेला, काखेत, जांघेत ठेवले. दोन वाढप्यांना पुठ्ठ्यानं वारा घालायला लावलं. 108 ला फोन केला. काका वाचले. पण ते शुद्धीवर येईपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसले होते, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पाहुण्यांसाठी सरबत होतं, बर्फ होता, वरमायांसाठी कूलर होता. उन्हात वाजवत आलेल्या आठ माणसांसाठी पाण्याचा एक जगसुद्धा कुणी बाजूला ठेवला नव्हता. घर आमचंच होतं, म्हणजे आम्हीच ठेवला नव्हता.

त्यानंतर गेल्या वर्षी माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. पोरीचा हट्ट एकच, "आत्या, हॉल नको. आपल्या चिंचेच्या बनात लग्न लावा." तारीख निघाली मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्या तयारीत जे शिकले, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

उघड्यावरचं लग्न आपल्याला नवं नाही. आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचं, सिद्धेश्वरांचं लग्न दरवर्षी उघड्या आभाळाखालीच लागतं. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सम्मती कट्ट्यापाशी येतात आणि तळ्याकाठी जमलेली हजारो माणसं अक्षता टाकतात. पण ते लग्न संक्रांतीच्या थंडीतलं. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 ला सहज जातो, आणि आपण मात्र मुहूर्त भर दुपारचा धरतो.

म्हणून पहिलं काम मुहूर्ताचं. मी भावाला म्हटलं, गोरज मुहूर्त काढा. तो म्हणाला, "अक्का, काय बोलायलीस, लोक रात्री जेवून गावाला कधी जातील?" गुरुजींकडे गेलो. त्यांनी पंचांग उघडलं आणि गोरजाला लगेच हो म्हणाले. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. अक्षता त्या वेळेला, साडेसातला पंगती, रात्री दहाच्या आत सगळं आटोपलेलं, कारण दहानंतर स्पीकर लावता येत नाही. पत्रिकेवर आम्ही ठळक छापलं, पाहुण्यांनी पाचच्या आधी निघू नये, सुती कपडे घालावेत. दुपारच्या जेवणाचा घाट घातलाच नाही. काही नातेवाईक रुसले. रुसू दिलं.

आता सावलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आम्ही चुकणार होतो ते इथंच. झाड आहे म्हणजे सावली आहे, असं आपण धरून चालतो. पण सावली एका जागी बसत नाही. 10 मेच्या सुमारास सोलापुरात दुपारी सव्वाबाराच्या पुढं पाच-दहा मिनिटांनी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पायाशीच मिटते. तेव्हा झाडाची सावली बुंध्याभोवती गोल पडते. संध्याकाळी पाच वाजता मात्र सूर्य पश्चिमेला इतका कललेला असतो की चाळीस फुटी झाडाची सावली ऐंशी फुटांच्या पलीकडे, पूर्वेला जाते. मांडववाला सकाळी अकराला जागा बघून गेला होता आणि खुर्च्या झाडांच्या बुंध्याशी मांडायचं ठरवून मोकळा झाला होता. पाच वाजता तिथं पश्चिमेचं ऊन फांद्यांच्या खालून थेट लोकांच्या तोंडावर आलं असतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी आणि पुतण्या फक्कीची, मैदानावर रेघा मारतात त्या पांढऱ्या भुकटीची, पिशवी घेऊन बनात गेलो. चारला सावलीच्या कडेनं फक्की मारली, पाचला मारली, सहाला मारली. पांढऱ्या रेघा पूर्वेकडे सरकत सरकत नांगरलेल्या पट्टीत गेल्या. मांडववाल्यानं त्या रेघा बघितल्या आणि काही न बोलता आपल्या वहीतलं चित्र खोडलं. पट्टी फळी मारून सपाट केली, दोनदा पाणी मारून दाबली आणि खुर्च्या तिथं मांडल्या. एक पिशवी फक्की आणि एक संध्याकाळ. यापेक्षा स्वस्त तयारी दुसरी नाही.

झाडाखालची सावली आणि ताडपत्रीखालची सावली यांतला फरक अंगाला लगेच कळतो. ताडपत्री नि पत्रा तापतात आणि तीच धग खाली सोडतात. झाडाचं पान मुळांकडून आलेलं पाणी वाफेनं बाहेर टाकत असतं, म्हणून ते फार तापत नाही. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी येते, मेपर्यंत तो गच्च झालेला असतो. चिंचही तशीच. आंब्याखाली सावली दाट असते, पण मेमध्ये वारं सुटलं की कैऱ्या डोक्यात पडतात. आमच्या काकूंनी मात्र चिंच म्हटल्यावर कपाळाला हात लावला. "चिंचेखाली लगीन? भुताचं झाड ते!" त्यांच्या मनात किंतू ठेवून लग्न कशाला लावायचं? बोहलं कडुलिंबाखाली घातलं, पाहुणे चिंचेखाली बसवले. काकू पहिल्या रांगेत चिंचेखालीच बसल्या.

जिथं झाडांची सावली पुरत नव्हती तिथं आम्ही ताडपत्री टाळून हिरवी शेडनेट बांधली, पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी. तिच्यातून वारा जातो. पश्चिमेच्या बाजूला उभी कनात लावली, पण जमिनीपासून दीड फूट मोकळी सोडली, नाहीतर हवा कोंडते. कनातीवर गोणपाटं सोडून दर अर्ध्या तासानं पाणी मारलं. आपली हवा कोरडी, त्यामुळं ओल्या गोणपाटातून आलेला वारा खरंच गार लागतो. कूलरचंही तेच. चारी बाजू बंद करून कूलर लावला की आत नुसता दमटपणा साचतो. एक बाजू उघडी हवीच. आणि पारा चाळिशीच्या वर असताना नुसता पंखा गरम झळाच अंगावर टाकतो. चेहरा, मान, हात ओले असतील तरच त्याचा उपयोग.

इथं आपला टॉवेल कामाला येतो. सोलापूरच्या लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतोच. आम्ही तो जाताना हातात न देता आल्या आल्या दिला. दाराशी दोन घंगाळं, त्यात गार पाणी, दोन पोरं टॉवेल बुडवून पिळून देत होती. म्हातारी माणसं तो मानेवर टाकून आरामात बसली. सुती टॉवेल पाणी धरून ठेवतो, तासभर तरी गारवा राहतो.

पाण्याचा हिशेब मी माणशी तीन लिटर पिण्याचा धरला, हातपाय धुण्याचं वेगळं. शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे तुम्हाला मी काय सांगू? त्यामुळं टँकर दोन दिवस आधी सांगितला आणि पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी ठेवली. कुंभाराकडून वीस रांजण आणून आधी पाच दिवस भरून मुरवले. कोरा रांजण पहिल्या दिवशी पाणी गार करत नाही, मातीचाच वास येतो. बर्फ घेताना सांभाळा. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो, तो फक्त बाहेरून भांडी गार ठेवायला वापरा. ताक, पन्हं भरपूर ठेवलं, त्यात मीठ बेताचं.

जेवणात बासुंदी, श्रीखंड, रबडी नको असं मी हट्टानं सांगितलं. दुधाचा पदार्थ या उकाड्यात दोन तास बाहेर राहिला की भरवसा नाही, आणि लग्नानंतरच्या जुलाब-उलट्यांचे रुग्ण मी वर्षानुवर्षं मे महिन्यात सलाईनवर ठेवलेत. आम्ही हुग्गी केली, म्हणजे खपली गव्हाची खीर, गरम गरम वाढली. दूध ज्याला हवं त्याला वेगळं, उकळतं. आमटी-भात चुलीवरून थेट पंगतीत.

चूल लोकांच्या पूर्वेला मांडली, कारण संध्याकाळचा वारा पश्चिमेचा असतो, धूर आणि ठिणग्या पुढं निघून जातात. बनातला पालापाचोळा आधी झाडून घेतला, त्यात विंचू असतात. होमाच्या नि चुलीच्या भोवती जमीन ओली केली, वाळूच्या बादल्या ठेवल्या. फटाके नाहीत. विहिरीजवळच्या वडावर आग्या मोहोळ लटकलेलं होतं. कुणीतरी ते जाळून टाका म्हणालं. मी नको म्हटलं. त्या वडापासून लांब राहिलो, तिकडं धूर जाऊ दिला नाही, ड्रोन उडवू दिला नाही. मधमाश्या त्यांच्या जागी, आम्ही आमच्या जागी. झाडांना खिळे ठोकून दिवे लावायलाही मनाई केली. सुतळीनं बांधले.

एक गोष्ट फार महत्त्वाची. मे महिन्यात तापलेल्या दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नसतो. जे झाड पाच वाजता सावली देतं, त्याच झाडाखाली वीज कडाडताना एक क्षणही थांबायचं नाही. शेडनेटचे लोखंडी खांबही धरायचे नाहीत. आम्ही आधीच ठरवलं होतं, पहिला गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी जवळच्या शाळेच्या पक्क्या खोल्यांत जायचं, जागा कमी पडली तर बंद गाड्यांत बसायचं. पुतण्याच्या मोबाइलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप होतं, त्या दिवशी त्याचं काम तेवढंच.

नवरीचं काय? तिला दुपारभर जरीचा भारी शालू नेसवून बसवायची गरज नसते. आमची पोर पाचपर्यंत सुती इरकलमध्ये होती, सहाला शालू नेसली. सकाळपासून उपास धरू नकोस, दर तासाला पाणी पी, एवढं तिला बजावलं होतं. नवरदेवाचा फेटा आयत्या वेळी बांधला.

ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, त्यांनी लग्नाला निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गोळी मनानं बंद करू नये. घरातल्या एका जाणत्या माणसावर एवढंच काम सोपवा, की कुणाला चक्कर, मळमळ, पायात गोळे येतायत का ते बघत फिरायचं. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. नसलीच तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजायला लागलं, तर सरबत पाजत बसू नका. आधी अंगावर पाणी आणि वारा, लगेच 108. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

आणि बँडवाले. मी त्यांच्या मालकाला आधीच भेटून सांगितलं, कोट नको, पांढरे सुती सदरे चालतील, पैसे तेवढेच देऊ. परण्या साडेपाचला काढला, तोही अर्ध्याच वाटेवरून. त्यांच्यासाठी चिंचेखाली वेगळी सतरंजी, वेगळा रांजण. आचाऱ्यांसाठी, वाढप्यांसाठी, गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठीही तसेच रांजण, प्रत्येकाच्या हाताशी. आचारी तर दुपारी दोनपासून चुलीपुढं, त्यांना दर अर्ध्या तासाला सावलीत बसवायला माझा एक भाचा पाठीमागं लागला होता. हे वाचत असताना माझ्यासमोर त्या आठ जणांपैकी एक सतरंजीवर आडवा झालेला दिसतोय, सनई छातीवर, ओला टॉवेल डोळ्यांवर. तेच काका. पुन्हा आमच्याकडे वाजवायला आले होते. अक्षता पडायला दहा मिनिटं होती. मी त्यांना उठवायला गेले तर टॉवेलखालूनच म्हणाले, "जागाच आहे हो सिस्टर. गार वाटायलंय म्हणून पडलोय."

लग्न लागलं. पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजणांत जे पाणी उरलं होतं ते पोरांनी कळशा भरभरून चिंचांच्या आळ्यांत ओतलं. नांगरलेल्या पट्टीत फक्कीच्या रेघा अजून दिसत होत्या.

नमस्कार.