नफ्यातून नको, किमतीतून द्या: सांगलीत झीन काढताना

(हातात अंक धरून)

नमस्कार मंडळी. हा अंक बघा. ए-फोर कागद मधोमध दुमडल्यावर होतो तेवढा. सोळा पानं, हळदी रंगाचं मुखपृष्ठ आणि पाठीवर दोऱ्याचे टाके. किंमत ३० रुपये. त्यातले १० रुपये गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, एका छोट्या वाचनालयाला जातात. अंक विकला गेला की त्याच क्षणी ते दहा रुपये वाचनालयाचे झाले, आमचे राहिले नाहीत.

याला झीन म्हणतात. मॅगझीन शब्दाचं शेपूट. अमेरिकेत १९३० च्या दशकात विज्ञानकथांचे वाचक स्वतःच टाइप करून, स्वतःच छापून एकमेकांना असे अंक पाठवायचे. पण आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत साठच्या दशकात लघुअनियतकालिकं निघत होती, सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे स्टेन्सिलवरून छापलेली, खिशातल्या पैशांतून काढलेली. त्यातला 'अनियत' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढं कायद्याच्या वेळी कामाला येणार आहे.

आज मी तुम्हाला शहरावरचा अंक कसा काढायचा आणि त्यातून एखाद्या चांगल्या कामाला पैसे कसे द्यायचे, ते सांगणार आहे. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथंच मी चुकले होते.

आमच्या पहिल्या अंकावर मी मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'नफ्यातला अर्धा वाटा वाचनालयाला.' शंभर प्रती काढल्या. एका प्रतीला १४ रुपये खर्च आला, किंमत ठेवली २० रुपये. ६१ प्रती गेल्या. आता तुम्हीच हिशेब करा. आले १२२० रुपये, गेले १४०० रुपये. नफा कुठला? १८० रुपये तोटा. आणि शून्याचा अर्धा वाटा शून्यच.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक टेलरमामा आहेत. त्यांनी दुकानात दहा प्रती ठेवून घेतल्या होत्या आणि दहाच्या दहा विकल्या होत्या. दिवाळीच्या आधी त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "दिलंस का गं पैसे वाचनालयाला? माझ्याकडनं घेऊन गेलेली माणसं विचारतात." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी काही खोटं बोलले नव्हते, पण त्या दहा माणसांनी वाचनालयाचं नाव बघून पैसे दिले होते आणि वाचनालयाला एक रुपयाही पोचला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी प्रतीमागं दहा रुपये धरून ६१० रुपये मी घरातून भरले आणि पावती मामांच्या काउंटरवर नेऊन ठेवली.

म्हणून मी हे कळकळीनं सांगते. छोट्या अंकाला नफा होतच नाही. झाला तरी तो कधी मोजायचा? दुसरा अंक निघाल्यावर, की दहावा? 'नफ्यातून देऊ' म्हणणं म्हणजे 'जमलं तर देऊ' म्हणणं. त्यापेक्षा किमतीतला ठरलेला आकडा बाजूला काढा. खर्च कितीही होवो, काही प्रती फुकट वाटाव्या लागोत, विकलेल्या प्रतीमागचा तो आकडा हलता कामा नये. आणि तो मुखपृष्ठावरच छापा, म्हणजे मागं फिरता येत नाही.

आता आमचं गणित सांगते. सोळा पानांना ए-फोरचे चार कागद लागतात, दोन्ही बाजूंनी छापलेले. तीन पांढरे, एक रंगीत. झेरॉक्स, रंगीत कागद, दोरा, वाया गेलेले कागद धरून एक प्रत आम्हाला १२ रुपयांना पडते. ३० मधून १२ गेले, १० वाचनालयाचे, उरले ८. हे आठ रुपये न विकलेल्या प्रतींसाठी आणि पुढच्या अंकाच्या कागदासाठी. लिहिणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना आम्ही पैसे देऊ शकत नाही, ते आम्ही आधीच सांगतो. प्रत्येकाला तीन प्रती देतो.

पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवा. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून १२, १६, २०. चौदा पानं लिहून झाली आणि हात आखडला, तर दोन पानं कोरी जातील. आणि अगदीच सुरुवात करायची असेल, तर एकच ए-फोर घ्या. तीनदा दुमडा, उघडा, मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन घरांपुरती कात्री चालवा आणि परत दुमडा. आठ पानांचं इवलंसं पुस्तक होतं. एकाच बाजूला छापायचं, म्हणजे दोन रुपयांत काम.

(दाभण आणि दोरा दाखवत)

शिवणीचं सांगते, कारण मला ते काम फार आवडतं. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा स्टेपलर मिळतो, पण आम्ही दाभण वापरतो. कागद एकात एक घालायचे, घडी नीट बसवायची, खाली जुनी रबरी चप्पल घ्यायची आणि घडीवर तीन भोकं पाडायची, एक मधे आणि दोन कडेला सारख्या अंतरावर. वाकळ शिवायचा जाड दोरा घ्यायचा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथनं सरळ खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्या भोकातून आत आणि मधल्या लांब दोऱ्यावर गाठ. घडी दाबायला स्टीलच्या चमच्याची पाठ. आमच्या समोरच्या काकू रात्रीचं जेवण उरकलं की येतात आणि बोलता बोलता तासात वीस प्रती शिवून देतात.

फोटोंचा मोह टाळा. झेरॉक्सवर फोटो काळा पडतो, माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. त्यापेक्षा रेघांचं चित्र छान उठतं. आणि एखाद्याचा चेहरा, घर, दुकान अंकात घेणार असाल तर आधी विचारा, छापायच्या आधी पान दाखवा.

आता आत काय छापायचं? सांगलीवर अंक म्हटलं की लगेच विष्णुदास भावे, १८४३, सीतास्वयंवर, नाट्यपंढरी. मला त्याचा अभिमान आहे. पण ते प्रत्येक स्मरणिकेत असतं आणि तिथं ते आपल्यापेक्षा चांगलं लिहिलेलं असतं. आपल्या सोळा पानांत ते यावं जे कुणी लिहून ठेवणार नाही.

आमचा दुसरा अंक 'फूट' या एका शब्दावर होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. पावसाळ्यात सांगलीत माणूस भेटला की 'कसा आहेस' च्या आधी 'किती फूट झालं' विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आम्ही घराघरांत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की गावभागात फूट कुणी मोजतच नाही. तिथं मोजमाप पायरीचं असतं. "आमच्यात तिसऱ्या पायरीला आलं की आम्ही माळ्यावर सामान टाकतो." "आमच्यात देवळीपर्यंत आलं होतं."

एका आजींनी कपाट सरकवून भिंत दाखवली. पाणी जिथवर आलं, तिथं त्यांच्या नातवानं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली होती. नंतर सगळं घर रंगवलं, पण त्या रेघेभोवतीची वीतभर पट्टी त्यांनी तशीच ठेवली आहे. त्या पट्टीवर गिलावा दर पावसाळ्यात थोडा सुटतो, त्या तो झाडून काढतात. आम्ही त्या अंकाच्या प्रत्येक पानावर एकाच उंचीला तशीच एक बारीक रेघ छापली. रेघेच्या वर मजकूर, खाली कोरी जागा.

वाचनालयाला पैसे द्यायचं ठरलं तेही त्याच पुरामुळं. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथं साफसफाईला गेलो होतो. पुस्तकं भिजून इतकी फुगली होती की कपाटात घट्ट बसली होती, एकही हातानं निघेना. शेवटी पहार घालून फळी मोडली. बाहेर आला तो चिखल आणि कागदाचा एकच गोळा. तेव्हा मदत खूप येत होती, जुन्या कपड्यांचे तर ढीग लागले होते, ते मी स्वतः बघितलेत. पण वाचनालयाला हवी होती वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटं. त्यामुळं कुणाला काही द्यायचं असेल तर आधी विचारा, काय लागतं. आणि सहसा पैसेच द्या.

थोडं कायद्याचं. २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि १८६७ चा जुना कायदा गेला. ठराविक अंतरानं निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची मतं छापणारं ते नियतकालिक, आणि त्याची नोंदणी लागते. म्हणजे 'दर महिन्याच्या एक तारखेला शहराच्या बातम्या' असं ठरवलंत, तर प्रेस सेवा पोर्टलवर रीतसर नोंदणी करा. आमचा अंक 'अनियत' आहे, तयार झाला की निघतो, आणि बातम्या देत नाही. तरीही कुणी काढला आणि कुठं छापला, हे आम्ही शेवटच्या पानावर देतो. निनावी अंकावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

धर्मादाय बाजू जास्त जपून सांभाळा. गणेश मंडळं वर्गणीच्या आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात, ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या ४१ क कलमाखाली. नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामाच्या नावानं पैसे गोळा करायचे तर हे कलम आड येतं. म्हणून सुरुवातीलाच सांगलीतल्या धर्मादाय कार्यालयात जाऊन विचारा. आम्ही दानपेटी ठेवत नाही. ज्या वाचनालयाला देतो ते नोंदणीकृत आहे, त्यांचं लेखी पत्र आमच्याकडं आहे, आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात. अंक घेणाऱ्याला हेही सांगा की तुम्ही अंक विकत घेताय, देणगी देत नाही, त्यामुळं करसवलतीची पावती तुम्हाला मिळणार नाही.

जाहिराती आम्ही घेत नाही. एकदा एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छांची, फोटोसकट, अख्ख्या पानाची जाहिरात देऊ केली होती, चांगले पैसे मिळाले असते. पण ज्या पानावर आजींच्या भिंतीची रेघ आहे, त्याच्या समोर तो चेहरा मला बघवला नसता.

विक्रीसाठी टेलर, सलून, चहाची टपरी, भडंगचं दुकान. जिथं माणूस पाच मिनिटं थांबतो अशी जागा. पुस्तकांच्या दुकानात कमिशन द्यावं लागतं आणि तीस रुपयांत ते बसत नाही.

पुढचा अंक सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर आहे. जमिनीच्या पोटात खोदलेली हळदीची ही कोठारं, त्यातली कितीतरी २००५ आणि २०१९ च्या पुरात गेली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. एका म्हाताऱ्या हमालांनी सांगितलं, आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तर माणूस उतरायचा. ते अजून बोलतायत, आम्ही अजून लिहून घेतोय.

(अंक उलटा करून, मागचं पान कॅमेऱ्याजवळ नेत)

आणि हे मागचं पान. इथं कविता नाही, चित्र नाही. वाचून दाखवते. मागच्या अंकाच्या प्रती २००. विकल्या १६३. फुकट दिल्या २२. घरी शिल्लक १५. आले ४८९० रुपये. छपाई आणि दोरा २४०० रुपये. वाचनालयाला १६३० रुपये, खाली त्यांच्या पावतीची छोटी प्रत. पुढच्या कागदासाठी उरले ८६० रुपये.

हा अंक टेलरमामांना दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा हेच पान वाचलं. बोटानं एकेक ओळ, बेरीज करत. मग म्हणाले, "या खेपेला वीस ठेव."