ट्यूरिनची अंडी आणि रक्तातला आकडा

नमस्कार श्रोतेहो. थायरॉइड रक्तातून कळतो, साखर कळते, मग नैराश्य का नाही कळत? हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकते: आज तरी नैराश्याचं निदान रक्ततपासणीवर होत नाही. पण या प्रश्नामागे चेतापेशींना, म्हणजे मेंदूतल्या आणि मज्जातंतूंच्या पेशींना, जगवणाऱ्या ज्या पदार्थांवरचं संशोधन आहे, त्यांचा शोध कसा लागला ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

इटलीतलं ट्यूरिन शहर. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद झाली. रिता लेवी-मोंताल्चिनी नावाची तरुण डॉक्टर ज्यू, म्हणून घरी बसली. बसली म्हणजे काय, तिने झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली! शिवणाच्या सुया घासून धारदार केल्या, घड्याळजीचा बारीक चिमटा आणला, आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे शहरावर बाँब पडायला लागले, तेव्हा कुटुंबासोबत खेड्यात गेली. तिथे सायकलवरून शेतकऱ्यांची दारं पुजायची. अंडी फलितच हवीत, नाहीतर गर्भ कुठून येणार? म्हणून सांगायची, "माझ्या बाळांना हवीत, ती जास्त पौष्टिक असतात." बाळं कुठली? लग्नच केलं नव्हतं बाईंनी. (आपल्याकडेही 'गावठी' म्हटलं की अंड्याचा भाव चढतो, आणि विकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. असो.)

गर्भ काढून घेतल्यावर उरलेल्या अंड्याचं काय? युद्धाचे दिवस, खायची टंचाई. त्याचं ऑम्लेट व्हायचं. घरचे चवीने खायचे. ऑम्लेट कुठल्या अंड्यांचं होतं हे भावाला कळलं आणि त्याने ऑम्लेटला हात लावणं सोडलं!

त्या खोलीत तिला दिसलं ते असं: गर्भाचा होणारा पाय कापला, तर त्याच्याकडे निघालेल्या चेतापेशी आधी वाढतात आणि मग मरतात. म्हणजे त्यांना जगवणारं काहीतरी पायाकडून मिळत असणार. युद्धानंतर व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी तिला अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. थोड्या महिन्यांसाठी गेलेली बाई तिथे कित्येक वर्षं रमली. तिथेच स्टॅन्ली कोहेन यांच्या जोडीने तो पदार्थ हाती लागला, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (एनजीएफ), म्हणजे चेतापेशी वाढवणारा घटक. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता मूळ मुद्दा, थोडक्यात, कारण निम्मा वेळ अंड्यांनीच खाल्ला. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून याच घराण्यातला, चेतापेशींना जगवणारा दुसरा पदार्थ मिळाला, ब्रेन-डिराइव्हड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर, थोडक्यात बीडीएनएफ. मनोविकारांत सगळ्यात जास्त मोजला गेला तो हाच. नैराश्यात, उपचार सुरू होण्याआधी, रक्तातलं त्याचं प्रमाण सरासरीने कमी दिसतं. सरासरीने, हा शब्द लक्षात ठेवा. औषधांनी बरं वाटू लागलं की बऱ्याच जणांत ते वाढतं. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकतं त्या आजारात, उन्मादाच्या आणि नैराश्याच्या झटक्यात कमी, मधल्या शांत काळात पूर्ववत, असं काही अभ्यासांत दिसलं.

मग तपासणी का नाही? आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. स्किझोफ्रेनियातही प्रमाण कमी दिसतं. आणि गंमत बघा, रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांत, साठलेलं असतं. रक्त गोठलं की ते सीरममध्ये, म्हणजे गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, उतरतं, म्हणून सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न गोठवता वेगळ्या केलेल्या रक्तद्रवापेक्षा, खूप मोठा येतो. नमुना किती वेळ ठेवला, यावरही तो हलतो. पुन्हा सांगते, सरासरी गटाची असते, तुमची नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातींनी आपल्याला आकड्यांचं व्यसन लावलंय. उद्या कोणी हाही आकडा पॅकेजात घातला, तर पैसे घरीच ठेवा.

निदान होतं ते बोलण्यातून. झोप, भूक, कामातलं मन, किती आठवडे असं चाललंय, डॉक्टर हे विचारतात. लगेच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६. एक चार चार एक सहा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.