कट किती लागला?

सीझनमधला कुठलाही बुधवार घ्या, संध्याकाळची वेळ, क्लबहाऊसच्या बाहेर पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून उभी असतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, कट किती लागला. पीजीटीआय म्हणजे आपल्या देशातली प्रोफेशनल गोल्फची टूर, 2006 पासून चालू आहे, आणि तिच्या बऱ्याच स्पर्धा मंगळवार ते शुक्रवार असतात, कारण शनिवार-रविवारी कोर्स क्लबच्या मेंबरांना लागतो ना. चार दिवस, चार राउंड, 72 होल. पण दोन राउंड झाले की साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीवर असलेले तेवढे पुढे खेळणार, बाकीच्यांनी बॅग भरायची. किती शॉटपर्यंतचे पुढे जाणार, तो आकडा म्हणजे कट. आणि कट हुकला तर पैसे किती? शून्य. तिकीट तुमचं, हॉटेल तुमचं, बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे तुमचे.

स्क्रीनवर हा जो निळ्या टोपीतला दिसतोय तो येरवड्याचा. नाव सांगू नका म्हणाला, मग नाही सांगत. पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर लहानपणी बॉल शोधून द्यायचा, मग कॅडी झाला, आणि बॅगा उचलता उचलताच खेळायला शिकला. या कोर्सची एक गंमत आहे, लोहगाव विमानतळ जवळच, त्यामुळे तुम्ही पटला, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायच्या शॉटला, उभे राहिलात की नेमकं डोक्यावरून सुखोई जाणार. बाहेरगावचे खेळाडू दचकतात, हा मान पण वर करत नाही.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ आहे असं आपण म्हणतो आणि ते खोटं नाहीये, एक चांगला बॉलच चारशे-पाचशे रुपयांना पडतो. पण या टूरवर जे खेळतात त्यातले कितीतरी जण कॅडीच्या शेडमधून आलेत हो. महूचा ओम प्रकाश चौहान बघा, तो पण आधी कॅडीच, 2023 मध्ये टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कमाईच्या यादीत, पहिला आला आणि त्यावर त्याला युरोपच्या मोठ्या टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळालं. आणि आपल्या पुण्याचा उदयन माने, अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतली म्हणून त्याचा नंबर लागला आणि तो थेट टोकियो ऑलिंपिकला खेळून आला. अशी नावं मोजकीच. बाकीचे सगळे त्या बुधवारच्या गर्दीत असतात.

आता पैशाचं गणित. एक कोटीची स्पर्धा असेल तर जिंकणाऱ्याला 15 लाख, ऐकायला भारी वाटतं. पण खाली उतरत गेलात की रक्कम अशी झपाझप आटत जाते की कटमध्ये शेवटी राहिलेल्याचा आठवड्याचा खर्च निघाला तरी खूप. म्हणून मग अहमदाबादला स्पर्धा असली की हा आपला निळ्या टोपीवाला विमानाने न जाता अहिंसा एक्सप्रेसचं स्लीपर काढतो, चौदा क्लबची, म्हणजे गोल्फच्या स्टिकची, ती लांबलचक बॅग खालच्या बर्थखाली काही जात नाही, मग पायाशी घेऊन झोपायचं, आणि समोरचे काका हमखास विचारणार, क्रिकेटची किट आहे का बाळा. हा हो म्हणून मोकळा होतो. गोल्फ सांगितलं की पुढचा प्रश्न पगाराचा येतो.

सीझन म्हणजे नुसता प्रवास. चंदीगड, कोलकाता, आसाममधलं दिगबोई, आणि डिसेंबरमध्ये जमशेदपूर, जिथे अर्धा राउंड बेल्डीला आणि अर्धा गोलमुरीला खेळतात, म्हणजे नऊ होल झाले की गाडीत बसून दुसऱ्या कोर्सवर जायचं. जमून आलेली लय गाडीत मोडते म्हणे. मधे उन्हाळा-पावसाळ्याचा गॅप पडतो, तेव्हा हा मेंबर लोकांच्या मुलांना शिकवतो, कारण घर चालवायचं असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा निघायचं तर हातात काहीतरी पाहिजेच.

हे जवळून बघा. राउंड संपलाय, हा टेंटमध्ये बसलाय, हातात स्कोअरकार्ड. तुमचा स्कोअर तुमच्या ग्रुपमधला दुसरा खेळाडू लिहितो, तुम्ही एकेक होल तपासून सही करायची, आणि एखाद्या होलला होता त्यापेक्षा कमी आकडा राहून गेला आणि तुम्ही सही ठोकलीत की डिसक्वालिफाय, चूक कुणाचीही असो. म्हणून हा प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पुटपुटत वाचतोय. चार, चार, तीन, पाच. त्या पाचावर बोट जरा जास्त वेळ थांबलंय. सहा फुटांचा पट होता, कडेला लागून बाहेर आला. कट एका शॉटने हुकला. दोन दिवसांत एकशे चाळीसच्या वर शॉट मारले आणि फरक फक्त एकाचा. मला विचाराल तर या खेळात हे सगळ्यात क्रूर आहे, कारण भांडायला समोर कुणी नसतंच, ना अंपायर ना बॉलर.

वर्षाअखेरीला ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिल्या साठात राहिलात तर कार्ड टिकतं, नाहीतर पुन्हा क्वालिफाइंग स्कूल, ज्याला सगळे क्यू स्कूल म्हणतात, तिथे कॉलेजमधून आलेल्या पोरांबरोबर पहिल्यापासून खेळायचं. हा साठाच्या बाहेर राहिलाय. घरी आई म्हणते, अरे क्लबमध्ये कोच म्हणून कायमचा लाग ना, शांतपणे जगशील. वडील त्यावर काही बोलत नाहीत, फक्त विचारतात, क्यू स्कूलच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे.

फॉर्म भरून झालाय. आता क्लबच्या मुठींवर नवीन ग्रिप बसवायच्यात, वेज नावाच्या क्लबच्या जुन्या घासून गुळगुळीत झाल्यात, आणि दुकानदार उधारीवर द्यायला तयार आहे, पण म्हणतो यावेळी कट मारून ये.