फी माफ झाली, पण संध्याकाळचं काय? न्यूयॉर्कच्या जेझुइट शाळा आणि आपली ठाण्यातली मुलं

नमस्कार मंडळी, आज जरा वेगळा विषय घेतलाय. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत काही शाळा आहेत, त्या सुरू केल्या जेझुइट फादर लोकांनी, म्हणजे कॅथलिक ख्रिश्चन धर्मगुरूंच्या एका संघाने, फक्त मुलग्यांसाठी, पाचवी-सहावी ते आठवी एवढ्याच. ॲडमिशनची मेन अट काय, तर घरची कमाई कमी असली पाहिजे. फी नाही. काही ठिकाणी पालकांकडून नावापुरती रक्कम घेतात, किंवा शाळेत येऊन थोडं काम करा म्हणतात, बस.

आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं, फुकट शाळा तर आपल्याकडे पण आहेत. आहेतच. ठाणे महापालिकेच्या आहेत, नवी मुंबई महापालिकेच्या आहेत, पुस्तकं मिळतात, आठवीपर्यंत दुपारचा पोषण आहार मिळतो. म्हणूनच मला त्या शाळा फुकट आहेत याचं फार नवल वाटत नाही. मला नवल वाटतं त्यांच्या टाइमटेबलचं, आणि आजचा सगळा व्हिडिओ त्यावरच आहे.

वॉशिंग्टनमध्ये वॉशिंग्टन जेझुइट अकॅडमी म्हणून शाळा आहे, २००२ साली सुरू झाली. तिथला पोरगा सकाळी येतो, नाश्ता शाळेत, दुपारचं जेवण शाळेत, मग वर्ग, मग खेळ, मग गृहपाठ समोर बसवून करून घेणार, आणि रात्रीचं जेवण पण तिथेच करून मग तो घरी जाणार. जवळपास अकरा-बारा तास शाळेत. उन्हाळ्याची सुट्टी पण पूर्ण नाही, त्यातले काही आठवडे शाळाच असते.

ऐकल्या ऐकल्या वाटतं ना की बाप रे, लहान पोरांना केवढं कोंडून ठेवतात? मलाही आधी तेच वाटलं होतं. पण आता आपल्याकडच्या एका मुलाचा दिवस बघा, समजा तो राहतो दिघ्याला इलठणपाड्यात, किंवा तुर्भे स्टोअरला, किंवा इकडे ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे किसननगर-लोकमान्यनगरच्या बाजूला. शाळा एका शिफ्टची, सकाळची असेल तर साडेबारा-एकला सुटला. आई चार घरची धुणीभांडी करून येणार चार-पाचला, नाहीतर कुठल्यातरी कंपनीत पॅकिंगला असेल तर सातला. वडील रिक्षावर, किंवा एपीएमसीला माथाडी, किंवा एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर. घर म्हणजे एक खोली, त्यात टीव्ही, आजी, लहान बहीण, पाणी आलं की पाणी भरायची धावपळ. हा मुलगा एकपासून सातपर्यंत कुठे असतो? सहा तास झाले हे. रोजचे.

आणि त्याच वयाचा घोडबंदर रोडच्या टॉवरमधला मुलगा, तो एक ते सात कुठे असतो? तो जेवून थोडा झोपतो, मग त्याचा मॅथ्स-सायन्सचा क्लास असतो, मग फुटबॉल नाहीतर स्विमिंग नाहीतर कीबोर्ड, मग घरी स्वतःचं टेबल आणि स्वतःचा दिवा. म्हणजे त्याची शाळा पण खरं तर अकरा तासांचीच आहे, फक्त उरलेल्या सहा तासांचे पैसे त्याचे आईवडील वेगळे भरतात म्हणून आपण त्याला शाळा म्हणत नाही. जेझुइट लोकांनी केलं काय तर हेच उरलेले सहा तास शाळेतच घातले आणि त्याचे पण पैसे घेतले नाहीत. मला विचाराल तर सगळी हुशारी या एका गोष्टीत आहे.

आता हे सुरू कसं झालं ते सांगते, थोडा इतिहास आहे, पटकन घेऊ.

जेझुइट म्हणजे येशूसंघ, इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेला, १५४० साली पोपने मान्यता दिली. फादर व्हायचं नसलेल्या, बाहेरच्या मुलांसाठी त्यांची पहिली मोठी शाळा १५४८ ला सिसिली बेटावर मेसिना शहरात निघाली. आणि १५५१ ला रोममध्ये जी निघाली ना तिच्या दारावरच्या पाटीवर काय काय शिकवणार ते लिहून पुढे चक्क लिहिलं होतं, फुकट. पाटीवर! म्हणजे फी न घेणं हा त्यांचा मूळ नियमच होता, खर्च राजे, श्रीमंत लोक, शहरं यांच्या देणग्यांतून चालायचा. पुढे अमेरिकेत तशा देणग्या देणारं कोणी नव्हतं, शाळा चालेनात, तेव्हा १८३३ साली त्यांना रोमहून खास परवानगी घ्यावी लागली की आम्ही फी घेऊ का. परवानगी मिळाली, आणि मग हळूहळू त्यांच्या शाळा मध्यमवर्गाच्या आणि वरच्या वर्गाच्या होत गेल्या. एखादी वेगळी निघाली, जसं न्यूयॉर्कचं रेजिस हायस्कूल, १९१४ चं, एका विधवा बाईंनी नाव न सांगता दिलेल्या पैशावर उभं राहिलेलं, तिथे आजही फी नाही. पण रेजिसला कॅथलिक मुलं घेतात आणि परीक्षेत एकदम वरची लागतात, त्यामुळे गरीब मुलांसाठीची शाळा असं काही तिला म्हणता येणार नाही.

आपल्या विषयाची शाळा १९७१ ची. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक इथून आलेली कुटुंबं राहायची, वस्ती गरीब, ड्रग्जचा विळखा, गँगा. तिथे जेझुइटांचं नेटिव्हिटी मिशन सेंटर होतं, ते आधी शाळा चालवत नव्हते, शाळा सुटल्यावर पोरांचा अभ्यास घ्यायचे, खेळ घ्यायचे, उन्हाळ्यात कॅम्पला न्यायचे. म्हणजे बघा, संध्याकाळ त्यांच्याकडे आधीपासून होती, सकाळ त्यांनी नंतर जोडली! हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण नेहमी उलटं करतो, आधी शाळेची बिल्डिंग बांधतो आणि मग पोरं का गळतात म्हणून कमिटी बसवतो.

शाळा छोटीशी. एका वर्गात पंधराच्या आसपास मुलं. शिकवायला फादर, थोडे पगारी शिक्षक, आणि कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली तरुण पोरं-पोरी जी वर्ष-दोन वर्षं अगदी कमी मानधनावर, एकत्र राहून, स्वयंसेवक म्हणून काम करायची. खर्च आवाक्यात राहायचं ते एक मोठं कारण. आणि आठवी झाली की सोडून दिलं असं नाही, चांगल्या हायस्कूलमध्ये ॲडमिशन मिळवून देणं, तिथे स्कॉलरशिप लावणं, नंतर फोन करून, भेटून मार्क कसे आहेत, टिकलाय का, घरी काही झालंय का हे बघणं, त्यासाठी वेगळा माणूस. कॉलेजपर्यंत.

हे बघून मग बॉस्टनमध्ये १९९० ला निघाली, १९९३ ला बाल्टिमोर, मिलवॉकी. जेझुइटांच्या बाहेर पण पसरलं, १९९३ लाच प्रॉव्हिडन्समध्ये दुसऱ्या एका कॅथलिक संघाच्या ब्रदर्सनी सॅन मिगेल नावाची शाळा काढली, म्हणून या सगळ्या प्रकाराला पुढे नेटिव्हिटी-मिगेल म्हणायला लागले. मुलींच्या पण आहेत, दोघांच्या एकत्र पण आहेत. साठच्या वर शाळांचं नेटवर्क झालं होतं.

आता नीट ऐका, कारण नुसतं कौतुक करून मला तुम्हाला पाठवायचं नाहीये. ते नेटवर्क २०१२ ला बंद झालं. शाळा बऱ्याच चालू राहिल्या, नवी संघटना पण झाली, पण काही बंदच पडल्या, आणि लोअर ईस्ट साइडची ती मूळची शाळा, जिथून सगळं सुरू झालं, ती पण आज नाहीये. कारण साधं आहे, ज्या शाळेत फीच नाही त्या शाळेला दर वर्षी शून्यापासून पैसे गोळा करायला लागतात, आणि पंधरा मुलांचा वर्ग, तीन वेळचं खाणं, अकरा तासांचा स्टाफ हे साध्या शाळेपेक्षा महाग पडतं, स्वस्त नाही. दाता आटला की शाळा आटली. आणि अकरा तास राबून शिक्षक पण थकतात, दोन वर्षांनी तो तरुण स्वयंसेवक निघून जातो, पोराला परत नवा चेहरा.

धर्माचा प्रश्न कमेंटमध्ये येणार हे मला माहितीये, तर आत्ताच बोलूया. या कॅथलिक शाळा आहेत, प्रार्थना असते, ते लोक हे लपवत नाहीत. पण यातल्या बऱ्याच शाळा कॅथलिक नसलेल्या मुलांना पण घेतात. रेजिससारखी अट तिथे नाही.

बरं, मग आपल्याकडच्या जेझुइट शाळा? मुंबईत आहेत की, आणि जुन्या आहेत, धोबीतलावचं सेंट झेवियर्स, माझगावचं सेंट मेरीज, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस, जे १८६३ ला मुळात अनाथ मुलांसाठी सुरू झालं होतं. तलासरीला वारली मुलांमध्ये पण त्यांचं काम आहे. नवी मुंबईकरांसाठी एक सांगते, वाशीचं फादर ॲग्नेल जेझुइटांचं नाही, ते गोव्याच्या पिलार संस्थेचं. म्हणजे ठाणे-नवी मुंबईत या न्यूयॉर्क टाइपची शाळा शोधायला जाल तर मी सांगते तशी मला तरी सापडली नाही.

आणि आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा? खासगी शाळांत गरीब घरच्या मुलांना २५ टक्के जागा, २००९ चा कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. चांगला कायदा आहे, ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्या. पण दोन गोष्टी. एक, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे, त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये आरटीईतून मिळेल या आशेवर बसलेले पालक नंतर फार निराश होतात, मी बघितलेत. आणि दोन, ही मला जास्त लागते, हक्क आठवीपर्यंत. नववीत गेला की शाळा म्हणते भरा आता पूर्ण फी. पोषण आहार पण आठवीलाच थांबतो. म्हणजे चौदा-पंधराचं वय, आवाज फुटलेला, घरी पैशाची ओढ, मित्र टेम्पोवर हेल्पर म्हणून जातोय, मंडपाच्या कामाला जातोय, रोजचे रोख पैसे आणतोय, आणि नेमकं त्याच वर्षी आपण सगळे हात काढून घेतो. न्यूयॉर्कवाले नेमके त्याच वर्षी एक माणूस मागे लावतात, बघ रे तो कुठे आहे.

कोणी म्हणेल मुलांचंच का, मुलींचं काय. मुलींचं तर पाहिजेच, संध्याकाळी घरात धाकटी भावंडं तीच सांभाळते, तिला तर स्वतःचे सहा तास पण मिळत नाहीत. आज विषय मुलांचा आहे म्हणून मुलांचं बोलतेय. आणि मुलगा ना, गळाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, उलट कमवायला लागला म्हणून घरात बरं वाटतं.

आता तुम्हाला वाटेल की हे सगळं अमेरिकेचं, तिकडे देणगीदार आहेत, आपल्याकडे कोण करणार. अहो, आपल्याकडे हे त्यांच्या खूप आधी झालंय! शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना जेवू घालायला अंगावरचे दागिने दिले, अगदी मंगळसूत्र सुद्धा. त्या माणसाला कळलं होतं की खेड्यातल्या गरीब पोराची फी माफ करून भागत नाही, तो झोपणार कुठे, खाणार काय, रात्री दिव्याखाली बसून अभ्यास करणार कुठे, हे कोणीतरी अंगावर घेतलं पाहिजे. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज त्याच रयतचं, तुमच्यातले कितीतरी जण तिथे शिकले असतील. आपण बोर्डिंग ही गोष्ट गावाकडची म्हणून सोडून दिली, पण शहरातल्या झोपडपट्टीतल्या मुलाला रात्री झोपायला घर असतं, त्याला बोर्डिंग नको, त्याला दुपारी एक ते रात्री आठ पाहिजे. अर्धं बोर्डिंग म्हणा हवं तर.

आणि यासाठी नवी बिल्डिंग लागत नाही हो. महापालिकेच्या शाळांत शेवटची शिफ्ट सुटली की गेटला कुलूप लागतं, वर्ग, बाकं, पंखे, नळ सगळं आत. तिथे रोज संध्याकाळी वीस मुलं, दोन पगारी दादा-ताई, पोटभर खाणं, आणि हातात प्रत्येक मुलाची वही की हा आता नववीत आहे, हा दहावीत आहे, हा तीन दिवस आला नाही, जा त्याच्या घरी. वीसच. दोनशे नको, कारण दोनशे झाले की नावं लक्षात राहत नाहीत आणि नाव लक्षात राहणं हेच तर सगळं आहे यात. आणि दादा-ताईंना पगार नीट द्या, नुसत्या स्वयंसेवकांवर चालवलं की काय होतं ते वर सांगितलंच. पैशाचं म्हणाल तर रबाळे, महापे, वागळे इथल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा असतो, तो दर वर्षी दप्तरं आणि वह्या वाटण्यात जातो, फोटो निघतात. दप्तर चांगलंच आहे, पण ते घेऊन पोरगा संध्याकाळी बसणार कुठे हे त्या साहेबांना कोणीतरी विचारायला हवं, आणि एका वर्षाचे नको, सलग पाच वर्षांचे पैसे लिहून द्या असं मागायला हवं.

तर तुमच्याकडून एक पाहिजे. ठाणे, कळवा, दिघा, ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ, कुठेही, तुमच्या भागात संध्याकाळी शाळकरी मुलांना रोज बसवणारी अभ्यासिका असेल, स्पर्धा परीक्षावाल्यांची नाही, सहावी ते दहावीच्या मुलांची, तर कमेंटमध्ये एरिया, वेळ आणि खायला देतात का एवढं लिहा. मुलांची नावं, फोटो टाकू नका. मी यादी करून खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकते, आणि ज्या एरियातून काहीच येणार नाही तिथल्या नगरसेवकांना भेटायला कॅमेरा घेऊन जाते.